फेनिल वनस्पति, जंतुपटल आणि वसई-प्रांतांतील वैद्यकी बाडें

१. विषयप्रवेश

वसईचा इतिहास म्हटला म्हणजे संशोधकांच्या डोळ्यांपुढें तीन सन उभे राहतात. १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहानें हा मुलूख पोर्तुगीजांस लिहून दिला. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीआप्पांनीं वसईचा कोट सर केला. आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें येथेंच इंग्रजांशीं तह करून मराठी राज्याच्या स्वातंत्र्यावर पाणी सोडलें. या प्रसंगांचीं मराठी साधनें बऱ्याच अंशीं छापून निघालीं आहेत. पेशवे दप्तरांतून निवडलेल्या कागदांचे जे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० पासून प्रसिद्ध झाले, त्यांपैकीं १६ वा खंड वसईच्या मोहिमेलाच वाहिलेला आहे. उत्तर कोंकणच्या जुन्या वसाहतीविषयीं महिकावतीची बखर वि. का. राजवाडे यांनीं १९२४ सालीं संपादून लोकांपुढें ठेविली. सनदा, महजर, पत्रें, करीने यांचा शोध आजही चालू आहे, आणि तो चालू राहिला पाहिजे यांत संशय नाहीं.

परंतु ज्या लोकांनीं हा इतिहास घडविला, ते लोक आपलें अंग, वस्त्र, भांडें आणि जखम कशानें धूत होते, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. तो क्षुल्लक वाटतो. तो क्षुल्लक नाहीं हें दाखवावें, आणि त्याचें उत्तर ज्या कागदांत मिळण्यासारखें आहे ते कागद ऐतिहासिक नव्हत म्हणून बाजूस टाकले जातात, इकडे संग्राहकांचें लक्ष वेधावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. हा प्रश्न आतांच निघण्याचें कारण मात्र इतिहासशास्त्रांतलें नसून वैद्यकांतलें आहे. तेव्हां आरंभीं तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे.

२. जंतुपटल म्हणजे काय

वसईच्या वाड्यांतून गोड्या पाण्याचीं बावखलें पूर्वीं जागोजाग होतीं. त्यांतील पुष्कळ आतां बुजलीं, कांहीं शिल्लक आहेत. अशा बावखलाच्या कांठच्या ओल्या दगडावर पाय ठेवला कीं तो निसटतो. दगडावर एक बुळबुळीत थर असतो. घांसला तर निघतो, नुसतें पाणी ओतलें तर निघत नाहीं. असाच थर राहाटाच्या माळेवरील गाडग्यांना आंतून धरतो, पाण्याच्या माठाला धरतो, दांतांच्या मुळाशीं धरतो, आणि महिनोन् महिने बरी न होणाऱ्या जखमेवरही धरतो. स्थळें निराळीं, त्यांत राहणारे सूक्ष्म जीवही निराळे, पण रचना एकच. हे जीव पृष्ठभागास चिकटतात, आपल्याभोंवतीं शर्करा व प्रथिनें यांचा चिकट लगदा निर्माण करितात, आणि त्या लगद्याच्या आंत वसाहत करून राहतात. यास शास्त्रज्ञ बायोफिल्म म्हणतात. आपण जंतुपटल म्हणूं.

या पटलाचा मोठा अपाय असा कीं, त्याच्या आंतल्या जंतूंवर औषध चालत नाहीं. कांहीं औषध लगद्यांत अडकून पडतें, आणि तळाशीं असलेले जंतु इतके मंदगति असतात कीं वाढत्या जंतूंवर चालणारीं औषधें त्यांच्यावर चालत नाहींत. मोकळ्या जंतूस मारण्यास जेवढी मात्रा लागते तिच्या कांहीं वेळां हजारपटीपर्यंत मात्रा पटलांतील जंतु सोसतात. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणींत ५० जुनाट जखमा तपासल्या, त्यांतील ६० टक्क्यांत पटल आढळलें. ताज्या १६ जखमा तपासल्या, त्यांत तें ६ टक्के, म्हणजे एकाच जखमेंत आढळलें. जुनाट जखम जुनाट कां राहते, याचें एक कारण या आंकड्यांत आहे.

या विषयाचें शास्त्र अलीकडचें आहे. कॅनडांतील जंतुशास्त्रज्ञ कॉस्टर्टन व त्यांचे सहकारी यांनीं १९७८ सालीं लिहिलेल्या लेखापासून त्यास चालना मिळाली. परंतु पहिलें निरीक्षण पुष्कळ जुनें आहे. हॉलंडांतील डेल्फ्ट गांवचा कापडाचा व्यापारी लेवेनहूक यानें १७ सप्टेंबर १६८३ रोजीं लंडनच्या रॉयल सोसायटीस एक पत्र पाठविलें. आपल्या दांतांवरील पांढरा मळ आपण स्वतः घडविलेल्या भिंगाखालीं पाहिला असतां त्यांत हालचाल करणारे असंख्य जीव दिसले, असें त्यानें त्यांत कळविलें. त्याच संदर्भांत त्यानें आणखी एक गोष्ट नमूद केली. दांत शिर्क्यानें धुतले तर मळाच्या बाहेरच्या अंगाचे जीव मरतात, आंतले मरत नाहींत, कारण शिर्का मळाच्या आरपार जात नाहीं. पटलाचा मुख्य गुण यापेक्षां नेमका सांगणें कठीण आहे; आणि तो सांगणारा मनुष्य जंतूंपासून रोग होतो हें जाणत नव्हता.

तात्पर्य, जंतु मारण्यापूर्वीं पटल सुटलें पाहिजे. पटल सोडविण्यास जीं द्रव्यें आज प्रयोगशाळेंत तपासलीं जात आहेत, त्यांत वनस्पतींपासून निघणारीं फेनिल द्रव्यें हा एक वर्ग आहे. आणि हीं द्रव्यें आपल्या घरांत शतकानुशतकें नांदत आलीं आहेत.

३. फेनिल वनस्पति व त्यांचीं नांवें

रिठा, शिकेकाई आणि हिंगण या तीन वनस्पति महाराष्ट्रांत या कामीं विशेष परिचयाच्या. रिठ्याचें झाड कोंकणांत गांवाजवळ आढळतें. शिकेकाईची कांटेरी वेल सह्याद्रीच्या रानांत वाढते. हिंगणबेट देशावरील कोरड्या माळाचें. तिन्हींच्या फळांत सॅपोनिन नांवाचीं द्रव्यें असतात. या द्रव्याच्या कणाचें एक अंग शर्करेचें असून त्यास पाणी मानवतें, दुसऱ्या अंगास तेल मानवतें. असा कण पाणी व तेलकट मळ यांच्या सीमेवर उभा राहतो आणि मळाची पकड ढिली करतो. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण सेंटिमीटरास सुमारें ७२ डाइन असतो. सॅपोनिन मिसळलें कीं तो पुष्कळ उतरतो, पाणी फटींतून शिरतें आणि फेस धरतें. साबणही हेंच करतो. भेद इतकाच कीं साबण तेल व क्षार यांच्या संयोगानें करावा लागतो, रिठा झाडावर तयार मिळतो.

शब्दांचा इतिहासही येथें साधन म्हणून उपयोगीं पडतो. रिठा हा शब्द संस्कृत अरिष्टक शब्दापासून प्राकृताच्या द्वारें आला. शिकेकाई कानडीकडून आली. साबण हा शब्द मात्र समुद्रावरून आला. अरबी साबून व पोर्तुगीज साबांव हीं दोन्ही रूपें लॅटिन सापो या एकाच मुळाकडे जातात, आणि कोंकणच्या बंदरांचा दोन्ही भाषांशीं दीर्घ परिचय होता. म्हणजे परटाच्या घरांतले हे तीन शब्द तीन निरनिराळ्या वाटांनीं मराठींत आले आहेत.

संस्कृत ग्रंथांत या वनस्पतींचा फेस स्पष्ट ओळखलेला आहे. चरकाच्या कल्पस्थानांतील ११ वा अध्याय सप्तला व शंखिनी यांचा असून तेथें सप्तलेला बहुफेनरसा, म्हणजे जिच्या रसास पुष्कळ फेस येतो ती, असें नांव दिलें आहे. अमरकोशांत तिलाच भूरिफेना व चर्मकषा म्हटलें आहे. सप्तला म्हणजे शिकेकाईच असें कित्येक निघंटुकार व आधुनिक पंडित मानतात, कित्येक मानीत नाहींत. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांतील द्रव्यशुद्धीचे नियम तर या दृष्टीनें फार बोलके आहेत. रेशीम व लोकर खाऱ्या मातीनें, कुतप नांवाचीं कांबळीं रिठ्यानें, तलम पट्टवस्त्रें बेलफळानें आणि क्षौमवस्त्रें पांढऱ्या मोहरीनें शुद्ध करावीं, असें तेथें सांगितलें आहे. जसा पृष्ठभाग तसें धावन, हा विवेक त्यांत उघड आहे.

तथापि हस्तलिखितें वाचणारांनीं येथें सावध असलें पाहिजे. एकट्या अरिष्ट या शब्दाचे अमरकोशांतच अनेक अर्थ आहेत: कडुनिंब, लसूण, रिठा, आणि बाळंतिणीची खोली. शिवाय आसव-अरिष्ट या जोडींत तोच शब्द आंबविलेल्या औषधास लागतो आणि लोकभाषेंत संकटास लागतो. फेनिल हा शब्दही रिठ्याचा तसाच बोराचा वाचक आहे. तेव्हां एखाद्या बाडांत अरिष्टाच्या काढ्यानें व्रण धुवावा असें आलें, तर तो काढा निंबाचा कीं रिठ्याचा हें पुढच्यामागच्या शब्दांवरून ठरविलें पाहिजे. पानें सांगितलीं असतील तर निंब संभवतो, फळाचें टरफल सांगितलें असेल तर रिठा. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो आणि शब्द सलग लिहिलेले असतात, त्यामुळें ही अडचण आणखी वाढते. एका शब्दाच्या वाचनानें येथें सबंध औषध बदलतें.

४. १६८३: दोन डच साधनें

लेवेनहूकचें पत्र १६८३ सालचें. त्याच साली अॅमस्टरडॅम येथें हॉर्तुस मलबारिकुस या प्रचंड ग्रंथाचा चौथा खंड छापून निघाला, आणि त्यांत रिठ्याचें चित्र व वर्णन आहे. कोचीनचा डच सुभेदार व्हान ऱ्हेडे यानें चालविलेला हा ग्रंथ १६७८ ते १६९३ पर्यंत १२ खंडांत पुरा झाला. मराठी संशोधकांस त्याचें विशेष महत्त्व असें कीं, इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोंकणी ब्राह्मणांनीं त्यास साहाय्य केलें. त्यांचें १६७५ चें प्रमाणपत्र पहिल्या खंडांत नागरी लिपींत छापलें आहे, आणि वनस्पतींचीं नांवेंही ग्रंथांत नागरींत कोरलेलीं आढळतात. हे ब्राह्मण ज्या समाजाचे, तो समाज पोर्तुगीजांच्या धर्मच्छळामुळें गोमंतक सोडून दक्षिणेस गेलेला होता. त्यांनीं सांगितलेली वनस्पतिविद्या अशा रीतीनें कोंकणच्या किनाऱ्याचीही ठेव आहे.

एकाच वर्षीं, एकाच देशांत, जंतुपटलाचें पहिलें वर्णन आणि पटल सोडवूं शकणाऱ्या फळाचें चित्र लिहिलें वा छापलें गेलें. दोघांचा एकमेकांशीं कांहीं संबंध नव्हता. दोन कागद एकमेकांशेजारीं ठेवण्यास पुढें तीनशें वर्षें जावीं लागलीं. साधनें सुरक्षित राहिलीं म्हणूनच आज तीं शेजारीं ठेवतां येतात, हें संग्राहकांनीं लक्षांत घ्यावें.

रिठ्याच्या शास्त्रीय नांवाविषयींही एक गैरसमज दूर केला पाहिजे. १७५३ सालीं लिनेअसनें सापिंडस या नांवाखालीं आपल्याकडील रिठ्याची जातही नोंदविली. सापिंडस म्हणजे इंडियन साबण. त्यावरून युरोपास साबणाचें फळ हिंदुस्थानानें शिकविलें, असें अनुमान कोणी कोणी काढतात. परंतु या कुलाचा मूळ नमुना जी जात, ती अमेरिकेंतील आहे, आणि त्या खंडासही त्या काळीं इंडीज म्हणत. केवळ नांवावरून देशाचा मान वाढविणें हा इतिहास नव्हे.

५. धावनाचे दोन ओघ

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. आपल्या पूर्वजांनीं फेनिल वनस्पतींनीं जखमा धुतल्या काय?

सुश्रुताच्या चिकित्सास्थानांतील पहिल्या अध्यायांत व्रणाचे ६० उपक्रम सांगितले आहेत. त्यांत शोधन व रोपण हे निरनिराळे असून त्यांचा क्रम ठरलेला आहे: दुष्ट व्रण आधीं शुद्ध करावा, मग भरून आणावा. शोधनासाठीं कषाय, वर्ति, कल्क, घृत, तैल, रसक्रिया व अवचूर्णन असे प्रकार दिले आहेत, आणि त्यांत कषायानें धुण्यास पहिलें स्थान आहे. मारण्यापूर्वीं सोडविणें आणि भरण्यापूर्वीं धुणें हा जो क्रम आजचें शास्त्र पटलाच्या बाबतींत सांगतें, त्याशीं हा क्रम जुळतो.

परंतु जुळतो म्हणजे एकच आहे असें नव्हे. व्रण धुण्याचे जे कषाय शास्त्रग्रंथांत येतात ते बहुधा त्रिफळा, निंब, वड, उंबर, पिंपळ अशा तुरट किंवा कडू द्रव्यांचे असतात. तीं फेनिल नव्हत. उलट फेनिल सप्तला चरकांत येते ती रेचक म्हणून, आणि रिठा मनुस्मृतींत येतो तो कांबळीं धुण्यासाठीं. शाकुंतलांत हरिणाच्या पाडसाच्या तोंडास दर्भाचें टोंक लागून झालेल्या जखमेवर इंगुदीचें तेल लावल्याचा उल्लेख आहे, आणि इंगुदी म्हणजे हिंगण असें सामान्यतः मानितात. पण तेल बियांतील गराचें, फेस फळाच्या मगजाचा. याप्रमाणें वस्त्रें व केस धुणारा एक ओघ आणि व्रण धुणारा दुसरा ओघ असे दोन ओघ ग्रंथांत वेगवेगळे वाहतांना दिसतात. ते कोठें मिळाले असतील तर घरांत. डोक्याला शिकेकाई लावणारी आजी, डोक्यांत खवडे झालेल्या नातवाला तीच लावणार. तेथें केस धुणें व व्रण धुणें हे भेद उरत नाहींत. म्हणून या संगमाचा पुरावा संहितांपेक्षां घरगुती वैद्यकी बाडांत शोधणें अधिक सयुक्तिक होय.

६. वसई-प्रांताची स्थिति

असा शोध करण्यास वसई-प्रांत विशेष योग्य आहे. येथें दोन वैद्यकें दोनशें वर्षें शेजारीं नांदलीं. पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचें ठाणें वसईच्या कोटांत होतें, आणि तेथें मिझेरिकॉर्दिया ही त्यांची धर्मादाय संस्था व रुग्णालय होतें. गोव्यांत १५६३ सालीं औषधींवरील संवादात्मक ग्रंथ छापणारा गार्सिया द ओर्ता हा वैद्य मुंबई बेटाचा पट्टेदार होता आणि वसईकडचा मुलूख त्यानें स्वतः पाहिला होता. कोटाबाहेर आगरी, कोळी, वाडवळ, सामवेदी, आणि पूर्वेच्या डोंगरांत वारली व इतर वनवासी, प्रत्येकाची वनस्पतींची ओळख निराळी. रानांतला मनुष्य फेनिल फळांचा आणखी एक गुण जाणतो: गेळफळासारखें फळ ठेंचून डोहांत टाकलें असतां मासे भुलून वर येतात. हाच गुण या द्रव्याच्या धोक्याची सूचना देतो, हें पुढें येईलच.

१७३९ च्या वेढ्याचे कागद पाहिले तर त्यांत मोर्चे, सुरुंग, तोफा, रसद, कामास आलेलीं व जखमी झालेलीं माणसें यांची हकीकत आहे. मोहीम अखेरीस आली तेव्हां भर वैशाखाचे दिवस होते. दमट हवा, सुरुंगांची माती व दारूचा जाळ यांनीं झालेल्या जखमा चिघळण्यास याहून अनुकूल परिस्थिति कल्पितां येत नाहीं. लष्करी पत्र लिहिणाऱ्यास जखमींची संख्या कळविणें अगत्याचें होतें. त्यांच्या जखमा कोणत्या पाण्यानें धुतल्या हें कळविणें त्याचें काम नव्हतें. तें काम वैद्याच्या टिपणांचें. दप्तर आणि बाड हीं अशा रीतीनें एकमेकांचीं पूरक साधनें आहेत. एक जपून दुसरें टाकलें तर इतिहासाची एक बाजू कायमची कोरी राहते.

७. जुन्या नोंदीचें मोल

घरगुती औषधांच्या नोंदींना एवढें महत्त्व कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास तीन उदाहरणें पुरेशीं आहेत.

व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहांत सेमेलवाइस या वैद्यानें मे १८४७ मध्यें डॉक्टरांस चुन्याच्या क्लोरिनयुक्त पाण्यानें हात धुवावयास लाविलें. एप्रिलमध्यें बाळंतिणींच्या मृत्यूचें प्रमाण १८ टक्क्यांच्या वर होतें, तें जूनमध्यें सुमारें २ टक्क्यांवर आलें. जंतु त्यालाही ठाऊक नव्हते, आणि समकालीनांनीं त्याचें म्हणणें मानलें नाहीं. पण महिनेवार आंकडे लिहून ठेविलेले होते, म्हणून पुढच्या पिढीस तें मानावें लागलें.

चीनमधील तू यूयू या विदुषीनें हिंवतापावरील औषध शोधतांना चौथ्या शतकांतील गे हुंग याचा वैद्यकग्रंथ वाचला. त्यांत वनस्पति पाण्यांत भिजवून पिळावी असें होतें, उकळावी असें नव्हतें. त्यावरून उष्णतेनें गुण नष्ट होत असावा असें तिनें ताडलें, आणि त्या शोधास २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. येथें वनस्पतीच्या नांवाइतकीच कृति महत्त्वाची ठरली.

तिसरें उदाहरण आपल्या विषयाच्या अगदीं जवळचें आहे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत बॉल्डचें वैद्यकपुस्तक म्हणून ओळखलें जाणारें दहाव्या शतकांतील जुन्या इंग्रजी भाषेचें हस्तलिखित आहे. त्यांत रांजणवाडीवर एक अंजन दिलें आहे: लसूण आणि कांद्याच्या जातीची एक वनस्पति समभाग कुटावी, द्राक्षाचें मद्य व बैलाचें पित्त मिसळावें, पितळेच्या भांड्यांत नऊ रात्री ठेवावें, कापडांतून गाळावें. नॉटिंगहॅम विद्यापीठांतील भाषापंडिता क्रिस्टिना ली आणि जंतुशास्त्रज्ञ फ्रेया हॅरिसन यांनीं हें अंजन नोंदीबरहुकूम करून पाहिलें आणि २०१५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. आजच्या औषधांस न जुमानणारे जंतु त्यानें पटलांत असतांनाही मारले. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या पुढील प्रयोगांत असें दिसलें कीं, मोकळ्या जंतूंवर लसूण एकटी चालते, पण पटलावर सबंध योगच लागतो. एकेक घटक सुटा करून भागत नाहीं. दुसरी वनस्पति नेमकी कोणती याविषयीं शब्दार्थाची शंका होती, म्हणून त्यांनीं कांदा व लीक असे दोन्ही पाठ धरून दोन प्रकारें अंजन केलें. आपल्या अरिष्ट शब्दाची अडचण हीच आहे, आणि तिच्यांतून निघण्याचा मार्गही हाच आहे.

८. मर्यादा आणि इशारा

याचा अर्थ रिठ्याचें पाणी जखमेवर ओतावें असा मुळींच नाहीं. सॅपोनिनें प्रयोगशाळेंतील पात्रांत जंतुपटलाची वाढ रोखतात किंवा तें ढिलें करतात असें कांहीं चाचण्यांत दिसलें आहे. पण पात्र निराळें आणि मनुष्याचें शरीर निराळें. ज्या गुणानें तीं पटल सोडवितात त्याच गुणानें तीं रक्तांतील तांबड्या पेशी फोडतात, माशांच्या कल्ल्यांस इजा करतात व डोळ्यांस झोंबतात. शिवाय पटल सुटलें आणि सुटलेले जंतु मारण्याची सोय केली नाहीं, तर ते दुसरीकडे जाऊन वसण्याचें भय असतें. मात्रा, शुद्धि, पुढील औषध हें सर्व ठरविणें वैद्यांचें व रसायनज्ञांचें काम. पूर्वजांना जंतु ठाऊक होते असा दावाही कोणी करूं नये. निरीक्षण, उपपत्ति आणि सिद्धि या तीन पायऱ्या आहेत; पहिली आपल्या कागदांत असूं शकते, दुसरी व तिसरी आजच्या शास्त्राची.

संग्राहकांसाठीं आणखी एक इशारा. दप्तराचे रेशमी किंवा लोकरी रुमाल रिठ्याच्या सौम्य पाण्यानें धुण्याची रीत जुनी आहे आणि वस्त्ररक्षणाच्या कामीं आजही तिचा उपयोग करितात; मात्र आधीं रंग सुटतो कीं नाहीं हें कोपऱ्यावर पाहावें. परंतु पोथीच्या कागदास कोणतेंही फेनिल पाणी लावूं नये. आपली जुनी शाई काजळ व डिंक यांची. डिंक पाण्यांत विरघळतो, आणि फेस मळाबरोबर अक्षरही उचलतो. वसईच्या कोटांतील कोरीव शिळांवर पावसाळ्यांत जें हिरवें-काळें पटल चढतें, तेंही कोणी हौसेनें घांसूं नये. झिजलेल्या दगडाची पापुद्री त्या पटलाबरोबर निघून येते आणि अक्षराची कड नाहींशी होते. तें काम जाणत्या रसायनज्ञाच्या देखरेखीखालींच व्हावें.

९. संग्राहकांस विनंती

वसई-विरार भागांत आज मोठें शहर उभें राहिलें आहे. २००९ सालीं महानगरपालिका झाली. १ ऑगस्ट २०१४ पासून हा तालुका ठाण्याहून निघून नव्या पालघर जिल्ह्यांत आला. जुनीं घरें पाडलीं जातात तेव्हां माळ्यावरील पेट्या उघडतात. सनद निघाली तर ती कोणी तरी जपतो. औषधांच्या टिपणांचें जाडें, डागाळलेलें, मोडी-बाळबोध सरमिसळ असलेलें बाड मात्र रद्दींत जातें. विनंती एवढीच कीं, असें बाड हातीं आलें तर त्याची यादी करतांना पुढील गोष्टी टिपून ठेवाव्या. बाड कोठल्या घरचें, लेखक कोण, शक किंवा सन कोणता. वनस्पतीचें नांव मुळांत जसें आहे तसें, शुद्ध न करतां. मूळ, साल, पान, फळ यांपैकीं काय घ्यावयाचें. तोळे, मासे, शेर यांचें प्रमाण, आणि शेर कोठचा. भिजवावयाचें कीं उकळावयाचें, कोणत्या भांड्यांत, किती दिवस. आधीं धुवावयाचें कीं आधीं लेप द्यावयाचा. आणि तें औषध कोणत्या व्याधीवर, व गुण आल्याची नोंद आहे कीं नाहीं.

या नोंदींतून उद्यां एखादें औषध निघेलच असें नाहीं. औषधांस न जुमानणाऱ्या जंतूंचा प्रश्न सर्व जगापुढें आहे, आणि त्यांतील वाट वसईच्याच एखाद्या माळ्यावरून जाते असें म्हणणें धाडसाचें होईल. पण बॉल्डचें पुस्तक ज्यांनीं सुमारें हजार वर्षें जपलें त्यांनाही त्याचा हा उपयोग ठाऊक नव्हता. त्यांनीं पान फाडलें नाहीं आणि शब्द बदलला नाहीं. बाकीचें काम पुढच्यांनीं केलें. आपल्याकडील बाडांच्या बाबतींत एवढें आपल्या हातून झालें, तरी संशोधक म्हणून आपलें कर्तव्य पार पडलें असें म्हणतां येईल.